बंगळूरचा कोट आणि लढाईच्या रीती

पानिपतच्या पराभवाची मीमांसा करावयास बसलेला मराठी लेखक बहुधा एका ठरीव प्रश्नापाशी येऊन थांबतो. सदाशिवरावभाऊंनी पूर्वजांच्या गनिमी काव्याची वाट सोडून इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा आणि जड तोफखान्याचा आश्रय केला नसता, तर १४ जानेवारी १७६१ चा दिवस निराळा उगवला असता काय, हा तो प्रश्न. त्याला होय म्हणणारे आणि नाही म्हणणारे असे दोन पक्ष आपल्याकडे मोठ्या विद्वत्तेने भांडत आले आहेत. परंतु दोहोंच्या बुडाशी समजूत मात्र एकच आहे, आणि ती अशी की लढण्याची रीत ही लोकांच्या स्वभावातच असते. मराठ्यांच्या रक्तात कावा असतो, मोगलांच्या रक्तात थाटमाट असतो, फिरंग्यांच्या रक्तात शिस्त असते, आणि ज्याने आपला स्वभाव सोडला तो बुडाला. ही समजूत मला सर्वस्वी चुकीची वाटते. एखादे सैन्य कसे लढते हे त्याच्या रक्तावरून ठरत नाही. त्या राज्याचा वसूल कोणत्या मार्गाने व कोणत्या महिन्यात येतो, शिपायाच्या मांडीखालचा घोडा कोणाच्या मालकीचा आहे, त्या घोड्याला चंदी आणि वैरण कोठून मिळते, तोफ ओढणारे बैल कोणी पोसले आहेत, आणि ज्या रानातून कूच करावयाचे त्या रानात गवतपाणी किती आहे, यांवरून ते ठरते. या विधानाची कसोटी पानिपतावर घेणे कठीण आहे, कारण त्या मैदानाचे नाव निघताच आपली दृष्टी शोकाने गढूळ होते. ती कसोटी घ्यावयाची तर दक्षिणेत यावे, बंगळूरला यावे; कारण या एका ठिकाणाभोवती दीडपावणेदोनशे वर्षांच्या अवधीत दख्खनी स्वारांची, पाळेगारांच्या पायदळाची, म्हैसूरकरांच्या मिश्र फौजेची आणि इंग्रजांच्या कवायती पलटणींची अशा सर्व रीतींची गाठ पडली, आणि प्रत्येक रीतीचे बळ व व्यंग उघडे झाले.

बंगळूरचा मराठ्यांशी संबंध आला तो १६३८ साली. आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याच्यासमवेत शहाजीराजे कर्नाटकावर उतरले, केंपेगौडांच्या वंशजाकडून ही पेठ व कोट घेतला गेला, आणि पुढे बंगळूर हेच शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. शहाजीराजे येथे आले ते रिकाम्या हाताने आले नव्हते. मलिक अंबराच्या शाळेत त्यांनी युद्धाचे धडे घेतले होते, आणि त्या शाळेचा सर्वांत मोठा पाठ म्हणजे १६२४ ची भातवडीची लढाई. मोगल व आदिलशाही या दोन बलाढ्य फौजा अहमदनगराजवळ एकत्र आल्या असता अंबराने त्यांच्याशी आघाडीस झुंज घेण्याचे टाळले, तळ्याचा बांध फोडून वाटा चिखलाने बंद केल्या, रसद तोडली, रात्री छापे घातले, आणि शत्रू उपाशी, भांबावलेला व आपसांत फुटलेला झाल्यावरच त्याच्यावर घाव घातला. ही रीत मराठ्यांच्या स्वभावातून उपजली म्हणावी, तर तिचा आचार्य हबशी होता. दख्खनच्या भूमीतून उपजली म्हणावी, तर त्याच भूमीवर बहामनी काळापासून मोठमोठ्या मैदानी लढायाही झाल्या होत्या. खरे कारण अंबराच्या दफ्तरात आहे. निजामशाहीचा खजिना आटलेला, अहमदनगरचा किल्ला गेलेला, मोगलांशी तोफेस तोफ लावण्याची ऐपत नाही. मात्र भीमथडीचे काटक घोडे, त्यांच्यावर मांड ठोकून वीस-वीस कोस जाणारे स्वार, आणि नव्याने बसविलेली जमीनमहसुलाची घडी एवढे त्याच्यापाशी होते. जे होते त्यातून त्याने युद्ध रचले.

आणि जेव्हा जवळ अधिक होते, तेव्हा मराठे निराळ्या रीतीने लढले, हेही विसरून चालणार नाही. प्रतापगडाच्या अरण्यात व उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत शत्रूला कोंडणाऱ्या शिवाजी महाराजांनीच १६५९ च्या अखेरीस कोल्हापूरच्या परिसरात आदिलशाही फौजेशी उघड्या मैदानावर सामना दिला, आणि १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी त्यांच्या फौजेने मोगलांचा समोरासमोर पराभव केला. गनिमी कावा हा त्यांचा धर्म असता, तर साल्हेर झाले नसते. त्यांच्या युद्धकलेचे मर्म हवे असेल तर ते रणांगणाच्या वर्णनांत शोधू नये. १६७३ साली चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार व हवालदारांना गेलेल्या पत्रात शोधावे. त्या पत्रात तलवारीचा उल्लेख नाही. पावसाळाभर पुरावी म्हणून जमा केलेली वैरण आणि दाणा बेपर्वाईने आधीच उडवाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही गावोगाव हिंडून कुणब्यांच्या घरचे धान्य, भाजी, लाकूडफाटा ओढू लागाल, आणि रयतेला वाटेल की याहून मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. जळत्या वाती उंदरांनी ओढून नेऊन गवताच्या गंजी पेटतील, इतकी बारीक धास्तीही त्यात वाहिलेली आहे. ज्या राजाला उंदराच्या तोंडातील वातीत राज्याचा नाश दिसतो, त्याला युद्ध म्हणजे काय हे कळलेले असते. माझ्या मते मराठी भाषेत युद्धशास्त्रावर लिहिली गेलेली सर्वोत्तम पाने ती हीच होत.

आता बंगळूरच्या भूमीकडे पाहावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीचे हे पठार, मधूनमधून उघड्या काळ्या कातळाचे डोंगर, नंदीदुर्ग, सावनदुर्ग, शिवगंगा, निजगल, आणि सखल भागांत माणसांनी बांधलेली शेकडो तळी. नावा चालतील अशी नदी येथे एकही नाही. या एका गोष्टीचा परिणाम फार दूरवर पोचतो. बंगाल्यात इंग्रजांचा दारूगोळा व तांदूळ गंगेच्या पाण्यावरून वाहून येई. येथे प्रत्येक शेर तांदूळ आणि प्रत्येक तोफगोळा बैलाच्या पाठीवरून किंवा गाड्यावरून आला पाहिजे, बैलाला चारा पाहिजे, आणि चारा शत्रूने जाळला की तोफ तेथल्या तेथे लोखंडाचा ओंडका होऊन पडते. पाळेगारांनी हे ओळखून डोंगर बांधले व पेठांभोवती दाट काटेरी झुडपांचे कुंपण वाढविले. बंगळूरच्या पेठेला असाच खंदक व काट्यांचा वेढा होता. १५३७ मध्ये केंपेगौडाने घातलेला मातीचा कोट हैदरअलीने दगडात बांधून काढला, आणि पेठेच्या दक्षिणेस लंबवर्तुळाकार किल्ला उभा राहिला, ज्याचा दिल्ली दरवाजा आणि थोडीशी तटबंदी आजही कृष्णराजेंद्र बाजारालगत शिल्लक आहे.

थोरल्या माधवरावांच्या कर्नाटकातील स्वाऱ्या या भूमीवरच झाल्या. पानिपतानंतर तीनच वर्षांत, १७६४ मध्ये, हा तरुण पेशवा म्हैसूरच्या हैदरावर चालून आला, आणि पुढील आठ वर्षांत पुन्हा पुन्हा आला. या स्वाऱ्यांत एक विलक्षण उलथापालथ दिसते, तिच्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. येथे मैदानाचा शोध घेणारे मराठे होते, आणि रानाचा आसरा घेणारा, गवत जाळणारा, विहिरी नासविणारा, रात्री छापे घालणारा तो हैदर होता. ज्याला आपण आपला वंशपरंपरागत कावा म्हणतो तो हैदराने बिनदिक्कत उचलला होता, कारण मराठ्यांच्या चाळीस-पन्नास हजार स्वारांपुढे मोकळ्या रानात उभे राहण्याइतके घोडदळ त्याच्यापाशी नव्हते. बलाढ्याने मैदान मागावे आणि दुर्बळाने रान, हा नियम जात पाहत नाही. उलट, मराठ्यांच्या स्वारदळाची मर्यादाही येथेच कळली. १७७० मध्ये बंगळूर आणि तुमकूर यांच्या दरम्यानच्या निजगलच्या डोंगरी किल्ल्यापुढे पेशव्यांची एवढी मोठी फौज अडून बसली. घोड्याला तट चढता येत नाही. अखेर चित्रदुर्गाच्या नायकाचे बेडर पायदळ कामी आले, तेव्हा किल्ला पडला.

माधवराव आजारी होऊन परतल्यावर त्रिंबकराव पेठे यांनी ५ मार्च १७७१ रोजी मोती तलावाजवळ, चिनकुरळीस, हैदराचा जो मोड केला, तो या दृष्टीने फार बोधप्रद आहे. हैदर मेलकोट्याच्या डोंगरातून श्रीरंगपट्टणाकडे रात्री निसटत होता. पायदळाचा पोकळ चौकोन, मध्ये सामानसुमान, बाजूंना तोफा, असा त्याचा बंदोबस्त होता. चौकोनाने चालणारे पायदळ शिस्तीत असेपर्यंत स्वारांना दाद देत नाही, हे खरे. पण तो चौकोन रात्रीच्या अंधारात, ओबडधोबड वाटेने, बैल व बाजारबुणग्यांसह चालवावयाचा म्हणजे त्याच्या भिंतींना स्वतःच भेगा पाडण्यासारखे होते. तोफेच्या आवाजाने मराठे जागे झाले, पहाटेपर्यंत चारी बाजूंनी वेढा पडला, आणि एकदा फळी फुटल्यावर हैदराची फौज म्हणजे पळणाऱ्या माणसांचा जमाव उरला. परंतु त्यानंतर काय झाले? विजयी फौज लुटीत गुंतली, मोलाचे दिवस गेले, हैदर श्रीरंगपट्टणात सावरला, आणि तो कोट मराठ्यांना घेता आला नाही. लुटीत गुंतणे हा शिपायांचा दुर्गुण म्हणून सोडून देणे सोपे आहे. ज्या शिलेदाराने कर्ज काढून घोडा विकत घेतला आहे, ज्याचा पगार सरकारात महिनोन्‌महिने तुंबला आहे, त्याच्या दृष्टीने शत्रूचा लुटलेला तळ हाच पगाराचा दिवस होता. रणांगणावरची त्याची वागणूक पुण्याच्या फडातील थकबाकीने आधीच ठरविलेली होती.

म्हैसूरकरांनी यावर वीस वर्षांत जो विचार केला त्याची फळे टिपूच्या सैन्यात दिसतात. पागेतील स्वार, कवायती पायदळ, रान उजाड करणारे हलके लुटारू स्वार, आणि लोखंडी नळीचे बाण यांची सांगड त्याने घातली. बाण मराठ्यांकडेही होते, मोगलांकडेही होते. म्हैसूरचे वैशिष्ट्य एवढेच की सरकारी कारखान्यात लोखंडाची नळी वापरल्याने दारू अधिक जोराने ठासता येई व बाण अधिक दूर जाई. बंगळूरच्या तारामंडलपेठेचा संबंध याच उद्योगाशी जोडला जातो, आणि शिवमोगा जिल्ह्यातील नगर येथे एका कोरड्या विहिरीत असे हजारांवर बाण सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. हे शस्त्र घोड्याला बुजविणारे, तांड्यांची दाणादाण करणारे. ते गोलंदाजीपेक्षा रसदेवरच अधिक चाले.

१७९१ च्या फेब्रुवारीत टिपूवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसने अंबूरच्या घाटाची हूल दाखवून मुगळीच्या घाटाने पठार गाठले, आणि ५ मार्चला तो बंगळूरपुढे उतरला. ७ मार्चला हलसूर दरवाजाकडून पेठेवर हल्ला झाला. त्यात इंग्रजांचा तोफखान्याचा अधिकारी मूरहाऊस पडला, पेठ हाती आली, आणि ती परत घेण्यासाठी टिपूने पाठविलेल्या तुकड्यांशी गल्लीगल्लीत संगिनींची झटापट झाली. हे सारे युद्धाच्या पुस्तकांत येते. त्याबरोबरच हेही पाहावे की टिपूने भोवतालचे गवत आधीच जाळून टाकले होते, इंग्रजांचे बैल दररोज मरत होते, पेठेतील घरांची शाकारणी उतरवून ती जनावरांपुढे टाकण्याची पाळी आली होती, आणि टिपूचे मुख्य सैन्य काही कोसांवर शाबूत उभे होते. आणखी पंधरा दिवस कोट टिकता तर तोफा ओढण्यास बैल उरले नसते. म्हणून २१ मार्चच्या रात्री, चांदण्यात, पुरती खिंड पडण्याची वाट न पाहता सुलतानढवा करण्यात आला. वृद्ध किल्लेदार बहादुरखान खिंडीशी लढता लढता पडला. त्या ठिकाणी तटावर इंग्रजांनी बसविलेली संगमरवरी शिळा हल्ल्याची तारीख सांगते. हल्ला त्याच रात्री का करावा लागला हे ती सांगत नाही.

बहादुरखानाचे नाव आले आहे तेव्हा येथेच एका आक्षेपाचा विचार करणे योग्य होईल. रसद, वैरण, बैल आणि वसूल यांवरच सर्व भिस्त ठेवली, तर शौर्याला स्थान काय राहिले, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की शौर्याला आहे ते स्थान कोणीही काढून घेऊ शकत नाही, पण शौर्य ही सर्व पक्षांत सापडणारी वस्तू आहे. बंगळूरच्या खिंडीत लढणाऱ्या किल्लेदाराला ते होते, हलसूर दरवाजात पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला होते, पानिपतावर जंबूरके आणि तलवारी यांच्यात कापल्या गेलेल्या गारद्यांना होते. जे दोन्ही बाजूंस सारखे असते त्याने जयापजयाचा उलगडा होत नाही. शूरांचे शौर्य फुकट जाते ते कोठे, आणि फळाला येते ते कोठे, हे शोधावयाचे तर कोठाराचा दरवाजाच उघडावा लागतो.

कोट घेतल्यावर कॉर्नवॉलिसची खरी परीक्षा सुरू झाली. या युद्धातील त्याचा मित्र निजाम याचे दहा हजारांच्या सुमारास स्वार त्याला येऊन मिळाले; त्यांनी लढाईत थोडी आणि चारा खाण्यात पुष्कळ मदत केली. चन्नपट्टणाची सरळ वाट टिपूने उजाड केलेली होती म्हणून मेच्या आरंभी फौज कनकनहळ्ळीच्या आडवाटेने निघाली. १५ मे रोजी अरकेऱ्याजवळ लढाई झाली, ती इंग्रजांनी जिंकली, आणि जिंकून ते हरले. श्रीरंगपट्टणाचे मनोरे समोर दिसत होते, कवायत निर्दोष होती, शिपायांचे धैर्य शाबूत होते. मात्र बैल मेले होते, उरलेल्यांत रोग पसरला होता, तांदूळ डोळ्यांना दिसत नव्हता, तळावरचे नोकरचाकर उपासमारीने मरत होते. वेढ्याच्या अवजड तोफा फोडून टाकून, दारूगोळा नष्ट करून, त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वांत शिस्तबद्ध सैन्याला पाठ फिरवावी लागली. टिपूच्या हलक्या स्वारांनी हरकारे व जासूद असे वेचून मारले होते की हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा काही मजलांवर येऊन ठेपल्या आहेत याचाही पत्ता त्या सेनापतीला नव्हता. मेलकोट्याच्या बाजूने मराठी स्वार दिसू लागले तेव्हा प्रथम त्यांना शत्रूच समजण्यात आले.

आणि त्या स्वारांमागून आला तो मराठ्यांचा बाजार. विल्क्ससारख्या इंग्रज इतिहासकाराने त्याचे वर्णन चकित होऊन केले आहे: धान्य, विलायती बनात, काश्मिरी शाली, हिरे, सुऱ्या-चाकू, जुनेपाने कपडे, एवढेच काय, एखाद्या खेड्यातील पोरीच्या कानातील चांदीचा दागिनाही तेथे विक्रीस होता. दर चढे होते, पण माल होता. उपाशी इंग्रज फौज त्या बाजाराने जगली.

हा प्रसंग पानिपताशेजारी ठेवून पाहावा. पानिपतावर अडीच महिने कोंडलेले मराठी सैन्य आणि श्रीरंगपट्टणापुढचे इंग्रज सैन्य यांच्यात शस्त्राने, शिस्तीने, वंशाने, धर्माने काहीही साम्य नाही. दोघांची अवस्था मात्र एकच. भाऊंच्या गारद्यांनी प्रत्यक्ष युद्धदिनी रोहिल्यांची फळी उसवून काढली होती, म्हणजे कवायती रीत अपयशी ठरली नव्हती. अपयश आले ते त्याआधी, डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दुआबातून येणारी रसद तुटली तेव्हा. भाऊंच्या तळावर यात्रेकरू व बाजारबुणगे होते, पण बाजार चालविणारा मुलूख पाठीशी नव्हता. कॉर्नवॉलिसपाशी मुलूखही नव्हता आणि बाजारही नव्हता, मात्र सुदैवाने मित्राचा बाजार येऊन पोचला. भाऊंना असा मित्र लाभता, तर इब्राहिमखानाच्या शिस्तीवर आज आपण पोवाडे गाइले असते, आणि गनिमी काव्याचे पुरस्कर्ते गप्प बसले असते.

पण त्या बाजाराचे गुणगान करून थांबणे हे लबाडीचे ठरेल. बाजारातील चांदीचा दागिना कोणाच्या कानातून आला होता? मराठी फौजेच्या पाठीमागे पेंढारी होते. त्यांना सरकारातून तनखा नव्हता, उलट लुटीच्या परवानगीबद्दल तेच पालपट्टी भरीत. म्हणजे लूट हा या व्यवस्थेतील अपघात नव्हता, ते तिचे एक खाते होते. १७९१ च्या मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्ती जागची हलविली, माणसे मारली, आणि स्वामींना आश्रयासाठी कारकळला जावे लागले. त्या मठाच्या पुनःस्थापनेसाठी धन व धान्य पाठविणाऱ्या टिपू सुलतानाची कानडी पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांना मठात मिळाली. पेशव्यांच्या दरबारास या कृत्याची लाज वाटली, भरपाईची बोलणी झाली. परंतु पालपट्टी चालूच राहिली. चिपळूणच्या पत्रातील राजाची दृष्टी आणि शृंगेरीच्या पायरीवरचे पेंढारी यांच्यामध्ये जवळजवळ सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात मराठी राज्याचे काय हरवले याचे मोजमाप करावयास मला याहून नेमके माप माहीत नाही. हलक्या स्वारांच्या रीतीचा अभिमान ज्याला बाळगावयाचा आहे त्याने म्हैसूरच्या रयतेच्या जळालेल्या गंजीही त्याच अभिमानाच्या हिशेबात मांडल्या पाहिजेत.

त्या रीतीची दुसरी उणीव धारवाडापुढे दिसली. परशुरामभाऊंनी १७९० च्या पावसाळ्याअखेरीस त्या किल्ल्याला वेढा घातला, कॅप्टन लिटलची मुंबईकर पलटण सोबत होती, आणि किल्ला खाली झाला तो १७९१ च्या एप्रिलच्या आरंभी. तेवढ्या काळात कॉर्नवॉलिस मद्रासेहून निघून बंगळूर घेऊन बसला होता. मराठ्यांच्या तोफा मंद चालत, दारू जपून वापरावी लागे, वेढ्याचे शास्त्र जाणणारे कसबी थोडे. पैसा नाही ही तक्रार तर सर्वत्र होती, आणि पुढे इंग्रजांनी बारा लाख रुपये कर्जाऊ देऊन ती काही अंशी भागविली. कर्ज देणारा मित्र उद्या मालक होतो, हे त्या वेळी पुण्यात कोणाला दिसले असेलही, पण इलाज नव्हता.

मेच्या माघारीतून इंग्रज जे शिकले ते आपण शिकलो नाही. पुढील सहा-सात महिने कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणाकडे पाहिलेही नाही. बंगळूरचा कोट हे त्याने कोठार केले. मद्रासेच्या बाजूने घाटावर येणाऱ्या वाटा निर्वेध करण्यासाठी १९ ऑक्टोबरला नंदीदुर्ग आणि २१ डिसेंबरला सावनदुर्ग घेतला. कॅप्टन अलेक्झांडर रीडने लमाणांच्या तांड्यांशी रोखीने करार केले, आणि हजारो बैलांच्या पाठीवरून धान्य बंगळूरच्या दिशेने वाहू लागले. ज्या लमाणांनी पिढ्यान्‌पिढ्या मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजा पोसल्या, तेच आता वेळेवर दाम मोजणाऱ्या कंपनीकडे वळले. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री श्रीरंगपट्टणाच्या छावणीवर हल्ला झाला, आणि मार्चच्या तहात टिपूला अर्धा मुलूख, ३ कोटी ३० लक्ष रुपये व ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. शिपाई तेच, बंदुका त्याच, कवायतही तीच. फरक होता तो बंगळूरच्या कोठारांचा.

यापुढचा धडा देणारा मनुष्य आर्थर वेलस्ली. १७९९ नंतर तो श्रीरंगपट्टणास राहिला आणि हैदर-टिपूंनी जोपासलेल्या अमृतमहाल बैलांचे खाते कंपनीच्या हाती आले. टिपूच्या मागे धोंडजी वाघ नावाच्या चन्नगिरीच्या मराठा सरदाराने हजारो स्वार गोळा करून निव्वळ चापल्यावर कर्नाटक हादरविले. त्याने जून १८०० मध्ये धोंडोपंत गोखल्यांना गाठून मारले, चिंतामणराव पटवर्धनांना जखमी केले. आपल्या कल्पनेतील गनिमी काव्याचा याहून शुद्ध नमुना नसेल. त्याला कंपनीच्या कवायती फौजेने १० सप्टेंबर १८०० रोजी कोणगलजवळ गाठले आणि ठार केले. हे शक्य झाले, कारण वेलस्लीच्या बैलांना चारा आणि फौजेला तांदूळ मागून येत होता, तर धोंडजीला रोजचा दाणा रोज लुटावा लागत होता. लुटून जगणाऱ्याचा मुलूख एक ना एक दिवस संपतोच. तीनच वर्षांनी तेच म्हैसुरी बैल वेलस्लीच्या तोफा घेऊन दख्खनमध्ये आले, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांच्या कवायती कंपूंचा पराभव झाला. शिंद्यांचे गोलंदाज अखेरपर्यंत तोफांशी लढून मेले. तेव्हा मराठ्यांनी कावा सोडला म्हणून ते हरले असे म्हणावे, तर धोंडजीने तो सोडला नव्हता. आणि कवायत स्वीकारली नाही म्हणून हरले असे म्हणावे, तर शिंद्यांनी ती उत्तम स्वीकारली होती. दोन्ही रीतींनी लढणारे मराठे सुमारे तीन वर्षांच्या अवधीत एकाच माणसाकडून हरले. त्या माणसापाशी तिसरी रीत कोणती होती? नियमित वसूल, नियमित पगार, आणि कोठारापासून तळापर्यंत न तुटणारी बैलांची रांग.

सेनापतीच्या बुद्धीला यात वाव नाही असे मात्र कोणी समजू नये. पालखेडला १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला त्याच्या तोफखान्यापासून दूर ओढून, पाण्यावाचून कोंडून तहास आणले, ती प्रतिभा होती. पण ती चालली कशावर हेही पाहावे. निजामाची फौज पाण्यावाचून राहू शकत नाही आणि आपली फौज तंबूंवाचून राहू शकते, या दोन गोष्टींच्या अचूक हिशेबावर ती चालली. थोर सेनापती म्हणजे हा हिशेब शत्रूच्या आधी करणारा पुरुष, अशी माझी व्याख्या आहे, आणि माधवरावांसारखा पुरुष आणखी वीस वर्षे जगता तर दक्षिणेचा इतिहास बदलला असता असे मला वाटते, तेही याच कारणासाठी: रणांगणाइतकीच त्यांची नजर फडावर होती.

मराठी वाचकाला आणि विशेषतः इतिहासाच्या तरुण अभ्यासकाला माझी विनंती आहे की, गनिमी कावा श्रेष्ठ की मैदानी झुंज श्रेष्ठ हा वाद आता पुरे करावा. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस बसून १८९७ पासून पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने खंडामागून खंड छापली. त्यांत कर्नाटकच्या स्वाऱ्यांतील तळांवरून आलेली शेकडो पत्रे आहेत. आपण त्यांतल्या लढायांच्या हकीकती वाचतो आणि तळावर दाणा काय भावाने मिळाला, वैरण किती कोसांवरून आणावी लागली, कोणाचा तनखा किती महिने थकला, या ओळी डोळ्यांआड करतो. त्या ओळी एकत्र कराव्यात, सालवार व मुक्कामवार मांडाव्यात, आणि त्यांच्या शेजारी कंपनीच्या दफ्तरातील बैलांचे व तांदळाचे हिशेब ठेवावेत. हे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते मराठीतच झाले पाहिजे.